बंगल्याखालची आठ झाडं

फणस उतरवायचे राहून गेले, असं आमच्या घरात साठ-पासष्ट वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

कॉफीचा फुलोरा गळाला की आमचा गडी बोळ्का बांबूची शिडी खांद्यावर टाकून यायचा. मुठीएवढे कोवळे फणस कोयत्याने पाडायचे. घराभोवतीचे, मजुरांच्या लाइनीजवळचे, पायवाटेवरचे, सगळे. मागच्या बाणेवरची, म्हणजे जंगलाला लागलेल्या रानातली झाडं तेवढी सोडायची. ती हत्तींची. पिकल्या फणसाचा वास त्यांना कोसभर दुरून येतो, आणि ज्या वाटेवर फणस पिकला ती वाट मग माणसांची राहत नाही.

यंदा बंगल्याखालची आठ झाडं तशीच राहिली. मे अर्धा सरला होता आणि व्हरांड्यात बसलं की खालून गोड, जड वास वर यायचा.

त्या रविवारी पितरांना पान वाढायचं होतं. डुकराचं मटण चुलीवर होतं, कच्चमपुळीच्या काळ्या सिरक्याचा आंबट वास घरभर झाला होता. मी आणि माझी भाची देचू तांदळाच्या कण्यांचे, कडंबुट्टूचे गोळे वळत होतो. तिची भावजय नीलम्मा केळीची पानं पुसत होती.

"नीलम्मा," देचू म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सांग, त्याच्या पाहुण्यांच्या जीपने खालच्या गेटची कडी तोडलीय."

"फोन आहे की त्याच्याकडे. तूच सांग."

"मी त्याच्याशी बोलत नाही."

"अकरा दिवस झाले, देचू. मी काय टपाल कचेरी आहे?"

"मग तिकीट लावून सांगते."

मी हसले नाही. अकरा दिवसांपूर्वी बंगल्याखालच्या वाटेवर चोमीच्या मागे हत्तीण लागली होती. चोमी म्हणजे आमच्या लाइनीतल्या बायकांची मुकादम, एरवी वाघालाही बाजूला सरक म्हणेल अशी. ती उतारावरून गडगडत कॉफीच्या झुडपात पडली म्हणून वाचली. मनगट मोडलं. त्या दिवशी देचू भावाच्या अंगावर ओरडली होती, "तुझी आठ झाडं!" आणि माचय्या खाली मान घालून उभा राहिला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

मागच्या दाराशी चोमीच आली. प्लास्टर केलेला हात गळ्यात बांधलेला, पण केसांत अबोलीचा गजरा होता.

"ये, कॉफी घे," नीलम्मा म्हणाली.

"कॉफी नको. सांगायला आले. देचक्का, उद्यापासून आम्ही एकोणीस जणी पलीकडच्या मळ्यात जाणार. त्यांची गाडी येते म्हणे रस्त्यापर्यंत."

देचूचे हात पिठातच थांबले. "चोमी, छाटणी अर्धी पडलीय. तीन आठवड्यांत पाऊस येईल."

"माहितीय मला. अठ्ठावीस वर्षं मीच करतेय. पण त्या वाटेवरून पोरी नेऊन मी कुणाच्या आईला काय सांगू? पाहुण्यांना हत्ती दिसावा म्हणून गेली, असं?" मग तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तरी सांगा अव्वा त्या धाकट्या धन्यांना. तुमचं ऐकतात ते."

मी कडंबुट्टूचा गोळा वळत राहिले. तो केव्हाच गोल झाला होता.

कारण झाडं माचय्याने ठेवली नव्हती. मी ठेवली होती.

एप्रिलमध्ये बोळ्का शिडी घेऊन आला तेव्हा देचू कॉफी बोर्डाच्या कचेरीत गेली होती आणि माचय्या रिकाम्या खोल्यांच्या चादरी झटकत होता. बंगळूरची नोकरी सोडून तो सात वर्षांपूर्वी आला. जुन्या बंगल्याच्या पाच खोल्या पाहुण्यांसाठी केल्या. पहिली दोन वर्षं बरी गेली, मग रस्त्यारस्त्यावर तशाच पाट्या लागल्या. आदल्या रात्री जेवताना तो नीलम्माला म्हणाला होता, "या उन्हाळ्यात खोल्या भरल्या नाहीत तर जूनमध्ये परत जाऊ. जुनी कंपनी घेईल मला." मी पलीकडे भात कालवत होते. या घरात मी लग्नाआधी एकवीस वर्षं आणि नवरा गेल्यावर तेहतीस वर्षं काढली. घर रिकामं होताना मी एकदा पाहिलंय, नवरा गेल्यावर; पुन्हा पाहायची माझ्यात हिंमत नव्हती. मी बोळ्काला म्हटलं, "बंगल्याखालची आठ राहू दे."

"कुणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"मी सांगतेय ना."

तो गेला. मे लागला आणि संध्याकाळी पाच वाजता व्हरांड्याखाली हत्ती यायला लागले. त्याबरोबर पाहुणेही.

*

त्याच सकाळी माचय्या चेन्नईच्या सुंदरम कुटुंबाला जंगलाच्या गेटवरून परत आणत होता. ही हकिकत त्याने मला नंतर सांगितली, म्हणून ती माझीच झाली.

सुंदरम नाराज होते. "पहाटे पाचला उठलो. तीन तास. काय दिसलं? दोन हरणं आणि एक मोर. मोर तर आमच्या ऑफिसच्या आवारात आहेत."

"वाघाची विष्ठा पण दिसली," त्यांची बायको म्हणाली.

"हो. तिचा फोटो काढलास तू. लावू दिवाणखान्यात."

मागच्या सीटवर सुंदरमांची आई, अलमेलू आजी, पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"पण संध्याकाळी तुमच्याकडे हत्ती नक्की ना?" सुंदरमांनी विचारलं. "आम्ही दुसऱ्या दोन जागा सोडून इथे आलो ते त्यासाठी."

"रोज येतात," माचय्या म्हणाला. हे वाक्य तो मे लागल्यापासून म्हणत होता आणि अकरा दिवसांपासून ते म्हणताना नजर चुकवत होता.

वळणावर लाइनीतल्या दोन बायका बोळ्काबरोबर चालल्या होत्या. बोळ्का पुढे, पत्र्याचा डबा बडवत. जीप दिसताच तिघं कडेला झाले. माचय्याने हात केला. कुणी हात केला नाही.

"हे डबा का वाजवतायत?" अलमेलू आजींनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"हत्ती असले तर बाजूला व्हावेत म्हणून."

"रोज?"

"रोज."

"आणि आपण हत्ती यावेत म्हणून बसतो," आजी म्हणाल्या.

माचय्या म्हणतो, त्या क्षणी त्याला जीप दरीत घालावीशी वाटली.

*

दुपारी माझा मोठा भाऊ, देचू-माचय्याचा बाप उत्तय्या, नडुबाडेत, म्हणजे मधल्या दालनात, दिव्याखाली येऊन बसला. तो आमच्या कुळाचा पट्टेदार, म्हणजे प्रमुख. त्र्याऐंशी वर्षांचा, कानाने कमी, पण जे ऐकायचं नसतं तेवढंच त्याला ऐकू येत नाही. छतातून टांगलेल्या त्या दिव्यापुढे आमच्याकडे खोटं बोलत नाहीत. लग्न ठरलं तरी तिथे, भांडण मिटलं तरी तिथे.

पानं मांडली होती. देचू उभीच राहिली.

"अप्पा, पान वाढायच्या आधी एक सांगायचंय. मागून सांगितलं तर पितर म्हणतील पोट भरून भांडते."

"बोल."

"वाटणी करा. खालचा मळा, लाइन आणि पायवाट माझ्याकडे द्या. वरचा बंगला माचय्याला. मग त्याने तिथे हत्ती बांधावेत नाहीतर जिराफ."

नीलम्माच्या हातातलं पातेलं खाली टेकलं. वाटणी हा शब्द त्या दालनात मी तरी कधी ऐकला नव्हता. एवढी जमीन, एवढी भावंडं, एवढी भांडणं, पण तो शब्द नाही.

"का?" उत्तय्याने विचारलं.

"चोमीच्या बायका उद्यापासून जातायत. कोणत्या तोंडाने अडवू? आठ झाडं ठेवून त्यानेच वाट बंद केली."

"माचय्या?"

माचय्या भिंतीला टेकून उभा होता. हा चेहरा मी त्याच्या लहानपणापासून ओळखते. मार खाताना तो असाच शांत व्हायचा. "तिचं बरोबर आहे, अप्पा," तो म्हणाला. "करा वाटणी. तसंही मी जूननंतर..."

त्याचं वाक्य संपायच्या आधी मी उठले.

"अण्णा, झाडं मी ठेवायला सांगितली. बोळ्काला. माचय्याला माहीत नव्हतं."

उत्तय्याने कानाला हात लावला. हे त्याला नीट ऐकू आलं होतं, तरी मला दोनदा बोलायला लावलं. मी दोनदा बोलले.

"का, बोळ्ळू?" त्याने मला विचारलं.

"तो जाणार होता म्हणून."

मागच्या दाराशी थांबलेली चोमी आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि कुणी हटकलंही नाही.

"म्हणजे अव्वा, तुम्ही?" ती म्हणाली. "आणि मी अकरा दिवस या पोराला शिव्या घालतेय. सगळ्या फुकट गेल्या."

"फुकट कशाला," मी म्हटलं. "माझ्या नावावर चढव."

"तुम्हाला त्या देता येणार नाहीत. वयाचा मान आहे. नाहीतर चांगल्या होत्या."

देचू माझ्याकडे बघत नव्हती. ती भावाकडे बघत होती. "तू ठेवली नाहीस? मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

माचय्याने मान खाजवली. "मला वाटलं, तू ठेवलीस."

"मी?"

"कामगारांवर हुकूम तुझा चालतो. बोळ्का माझं ऐकतो का कधी? एप्रिलमध्ये बघितलं, आठ झाडं तशीच. म्हटलं, देचूने माझ्यासाठी ठेवली, तोंडाने बोलणार नाही ती. मग तू ओरडलीस, 'तुझी आठ झाडं.' मला वाटलं, म्हणतेयस की तुझ्यासाठी ठेवली आणि हे असं झालं. काय उत्तर देणार?"

"मी तुझ्यासाठी?" देचू म्हणाली. "सात वर्षांत मी तुझ्यासाठी काय केलंय रे, जे तुला असं वाटलं?"

"काही नाही. म्हणूनच बरं वाटलं होतं."

देचूने पदर सारखा केला. तो सारखाच होता. तिच्या मनात काय चाललं होतं ते तिने मला सांगितलेलं नाही, आणि मी विचारणार नाही. पण माझ्या भावाची ही मुलगी बाप आजारी पडला त्या वर्षी कॉलेज सोडून मळ्यावर उतरली, आणि तेव्हापासून तिच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं, फक्त हिशेब विचारला होता. धाकटा भाऊ महिनाभर, चुकून का होईना, तिची माया गृहीत धरून चालला होता. त्याचं ओझं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

उत्तय्या माझ्याकडे वळला. "तुला पोन्नी आठवते?"

आठवत होती. म्हणून तर महिनाभर मला झोप नव्हती. लाइनीतली पोन्नी मला कडेवर घेऊन हिंडायची. मी सात वर्षांची होते तरी तिची कड सोडत नव्हते. बंगल्याखालच्या विहिरीवर ती घागर घेऊन गेली होती आणि फणसाखाली हत्ती उभा होता. आमच्या वडिलांनी त्याच दिवशी स्वतः शिडी लावली. अंधार पडेपर्यंत ते फणस तोडत होते आणि खाली आई आणि मी ते गोणीत भरत होतो. त्या वर्षापासून आमच्या घरात फणस कोवळे उतरतात.

"आठवते," मी म्हटलं. "माहीत असून केलं."

"मग आज तिचं पान वाढ. आपल्या पानांच्या रांगेत."

नीलम्माने वर बघितलं. पितरांच्या रांगेत लाइनीतल्या बाईचं पान कधी पडलं नव्हतं. उत्तय्या पुन्हा बहिरा झाला होता, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

मी केळीचं पान घेतलं. मटणाचा डाव उचलला, तशी चोमी म्हणाली, "पोन्नी माझ्या आजीची बहीण. आजी सांगायची, ती डुक्कर खात नव्हती. नदीतले मासे असले तर वाढा."

मासे होते. मी वाढले. पानाला हात लावून मी बराच वेळ बसले. उठताना मला हात द्यायला चोमी पुढे आली, डावा हात, धड असलेला.

*

"उद्या झाडं उतरतील," जेवणं झाल्यावर उत्तय्या म्हणाला. "वाटणीचं नंतर बघू."

"नंतर कधी?" देचूने विचारलं.

"मी मेल्यावर. तोवर घाई कसली."

माचय्या व्हरांड्यात जाऊन बसला. मी मागून गेले तर देचू आधीच तिथे कठड्याला टेकून उभी होती. मी दाराआडच थांबले. माझ्या वयात ते ऐकणं नसतं, विसावा घेणं असतं.

"जाणार का बंगळूरला?" तिने विचारलं.

"हत्ती नसतील तर इथे कोण येणार? झाडं बघायला?"

"मागच्या बाणेवर आहेत की हत्ती. तिथे फणस कुणी तोडत नाही. समोरच्या टेकाडावर भात राखायचा माळा होता आपला, ओढ्याच्या अलीकडे. खांब अजून उभे आहेत. तिथून बघता येईल. मध्ये ओढा, मध्ये माणसांची वाट नाही."

"तिथे रोज येतीलच असं नाही."

"तुझ्या सरकारी जंगलात तरी रोज कुठे येतात? आज काय दिसलं?"

"दोन हरणं आणि एक मोर."

"आणि?"

"वाघाची विष्ठा."

देचू हसली. मग म्हणाली, "अर्धा तास चढ आहे. तुझ्या पाहुण्यांचे गुडघे चालतील?"

"काहींचे चालतील. काही परत जातील."

"जाऊ देत. जे राहतील त्यांच्याबरोबर बोळ्काला देते. आठवड्यातून चार दिवस. छाटणीच्या दिवसांत नाही."

काही वेळाने माचय्या सुंदरमांच्या खोलीकडे गेला. पाच वाजले होते आणि ते खुर्च्या मांडून, दुर्बीण गळ्यात घालून बसले होते. हत्ती त्या संध्याकाळीही आले, तीन मोठे आणि एक पिल्लू. सुंदरमांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. हत्ती गेल्यावर माचय्याने पाहुण्यांना सांगितलं की उद्यापासून इथे हत्ती येणार नाहीत, कारण उद्या फणस उतरणार आहेत. का, तेही सांगितलं. चोमीच्या हाताचंही सांगितलं.

"पण आम्ही अजून दोन दिवस आहोत," सुंदरम म्हणाले.

"पैसे परत देतो."

"पैशाचं नाही हो..." ते थांबले. त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं कशाचं.

अलमेलू आजींनी विचारलं, "इतके फणस उतरवून करणार काय?"

"खड्डा करून पुरायचे. नुसते टाकले तर वासाने पुन्हा येतील."

"पुरणार?" आजी ताठ बसल्या. "अर्धे अजून कच्चे असतील. पुरणार म्हणे. घरात खोबरेल आहे का?"

*

सोमवारी सकाळी सात वाजता अलमेलू आजी मागच्या अंगणात पाटावर बसल्या होत्या, कोपरापर्यंत तेल माखून, हातात आमची सगळ्यात मोठी विळी. बोळ्का झाडावर होता. माचय्या दुसऱ्या झाडावर चढायला गेला आणि तिसऱ्या पायरीवर अडकला.

"उतरा धनी," चोमी खालून म्हणाली. "पोत्यासारखे लटकलाय. माझा हात मोडलेला आहे तरी मी तुमच्याआधी वर जाईन."

"शिडी हलतेय."

"शिडी नाही हलत. तुम्ही हलताय."

तो उतरला आणि गोणी ओढायला लागला. पिकलेले फणस लिंबाच्या बांधापलीकडे खड्ड्यात गेले, वर चुना, वर माती. कच्चे आजींकडे. त्यांनी सुनेला गरे सोडवायला बसवलं, मुलाला बिया धुवायला. सुंदरमांच्या बोटांना चीक लागला आणि दुर्बीण चिकटली. नीलम्मा कढईत गऱ्यांचे काप तळत होती आणि आजी तिला ओरडत होत्या, मीठ पाण्यात विरघळवून घाल, वरून भुरभुरवू नकोस. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. नीलम्माने मीठ पाण्यात विरघळवलं.

मी प्रत्येक झाडाखाली उभी राहिले. उत्तय्याने सांगितलं नव्हतं, मीच राहिले. आठव्या झाडाचा शेवटचा फणस धपकन पडला तेव्हा दहा वाजले होते.

चोमीच्या बायका लाइनीच्या तोंडाशी उभ्या होत्या, कोयते कमरेला, जेवणाचे डबे हातात. रस्त्यावर पलीकडच्या मळ्याची गाडी येऊन हॉर्न देऊन गेली होती. चोमीने आठही झाडांच्या बुंध्यांकडे, मग वर फांद्यांकडे पाहिलं. खड्ड्यापाशी जाऊन पायाने माती दाबून बघितली. मग मागे वळून काही न बोलता पायवाट उतरायला लागली. तिच्यामागे एक एक करून सगळ्या उतरल्या.

दोन आठवडे त्या वाटेवरून बायका मुक्याने जायच्या, डब्याच्या दोन ठोक्यांमध्ये फांदी मोडल्याचा आवाज चुकू नये म्हणून. आता पहिल्या वळणापर्यंत त्या तशाच गप्प गेल्या. मग कुणीतरी काहीतरी बोललं, कुणीतरी हसलं, आणि दुसऱ्या वळणावर एकोणीस जणी एकदम बोलत होत्या. जावई, बाजारातली साडी, कुणाचा तरी नवरा. झाडीत दिसत कुणीच नव्हतं, आवाज मात्र उतारभर पसरला होता.

देचू छाटणीची यादी घेऊन निघाली. व्हरांड्याच्या पायरीशी माचय्या हाताचा चीक तेलाने पुसत होता.

"देचू," तो म्हणाला, "अकरा वाजता खाली गुळाची कॉफी पाठवू का बायकांना? बोळ्काबरोबर?"

बारा दिवसांत तो तिच्याशी थेट बोलला ते हे पहिलं वाक्य नव्हतं, आदल्या दिवशी बोलले होते दोघं. पण काल दालनात ते भांडण होतं, आणि व्हरांड्यात ते दोघंच होते. आज सगळ्यांसमोर, साधं विचारणं.

देचू थांबली. खालून आवाज येत होते.

"बोळ्का दमलाय," ती म्हणाली. "तूच घेऊन ये. चालत ये पण. जीप नको."